तुतीच्या खोडातली कडी

प्रिय टिटवे,

तुझ्या गुडघ्यांची आणि नातवाच्या दातांची खबरबात फोनवर कळलेली आहे, तेव्हा त्या वाटेला न जाता आज थेट एका कोड्यापासून सुरुवात करते. तू रोज सकाळी ज्या बागेत फिरायला जातेस, तिथे एखाद्या जुन्या झाडाच्या बुंध्यावर चाकूने कोरलेली नावे तू नक्की पाहिली असशील. दोन अक्षरे, मध्ये बदाम, बदामातून आरपार गेलेला बाण. ती कोरणारी जोडी एव्हाना वेगवेगळ्या घरांत आजी-आजोबा होऊन बसली असेल. झाड तेव्हा जेमतेम घराच्या छपराला लागत असेल, आज ते विजेच्या तारांच्याही वर गेले असेल. पण नावे कुठे आहेत? जिथे कोरली तिथेच, माणसाच्या छातीच्या उंचीवर. झाड एवढे वर गेले, मग नावे वर का गेली नाहीत?

बहुतेकांना हा प्रश्न पडत नाही. पडलाच, तर त्यांना वाटते की नावे थोडीफार वर सरकलीच असतील, आपल्या लक्षात आले नसेल एवढेच. याचे कारण असे, की आपण झाडाला आपल्यासारखे समजतो. मूल वाढते ते सगळीकडून एकदम वाढते. गुडघ्यावरचा व्रण गुडघ्याबरोबर वर जातो. झाडाची तऱ्हा निराळी. त्याची उंची फक्त शेंड्यांपाशी वाढते, इमारतीवर मजले चढवावेत तशी. वर कितीही मजले चढवले तरी तळमजल्याचा दरवाजा काही दुसऱ्या मजल्यावर जात नाही. खाली बुंध्याशी जी वाढ होते ती केवळ जाडीची. सालीच्या आत एक ओला, कागदासारखा पातळ थर असतो. तो आतल्या अंगाला लाकूड घालतो आणि बाहेरच्या अंगाला साल. म्हणून खोडाच्या लाकडात ठोकलेला खिळा वर जात नाही, खाली येत नाही, बाजूलाही सरकत नाही. तो आहे तिथेच राहतो, आणि झाड त्याच्याभोवती लठ्ठ होत होत शेवटी त्याला गिळून टाकते. गिळते, पण पचवत मात्र नाही. किती सुंदर व्यवस्था आहे बघ.

मला इथे बसून ऐकू येते आहे, तू म्हणत असशील, आली पंतोजी फळ्यापाशी. दूध का नासते इथपासून चंद्र आपल्या मागे मागे का चालतो इथपर्यंत सगळे समजावत बसते म्हणून तुम्ही सगळ्यांनी मिळून मला हे नाव ठेवलेत, आणि पुढे आयुष्यभर कृषी महाविद्यालयात झाडे शिकवून मी ते सार्थ केले. तेव्हा थोडे सोस. हे कोडे मी करमणुकीसाठी घातलेले नाही.

आपले शेत वारसा झाले आहे, टिटवे. आपण वाढलो ते बालगृह बंद पडले तेव्हा इमारत सरकारी गोदामाला गेली आणि शेत तसेच पडून राहिले, इतके तुलाही माहीत आहे. आता एक समिती स्थापन झाली आहे. टेकडीच्या उतारावरच्या दगडी पायऱ्यांची शेते, विहीर, अवजारांची खोली आणि फळबाग, हे सगळे जतन करून लोकांना दाखवायचे ठरले आहे. समितीच्या अध्यक्ष बाई कोण, सांग पाहू. बंगल्यातली ताई. बालगृह चालवणाऱ्या काकांची मुलगी. आपण ओळीने कामावर जायचो तेव्हा वरच्या खिडकीत दोन वेण्या दिसायच्या ना, तीच. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत, चष्मा दोरीला लावून गळ्यात अडकवतात, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी ‘बरं का’ म्हणतात. त्यांनी महाविद्यालयातून माझा पत्ता मिळवला. जुन्या झाडांची पारख करणारे, त्यांच्यापुढे लावायच्या पाट्या लिहून देणारे आणि उद्घाटनाला पाहुण्यांना बागेतून फिरवणारे जाणकार माणूस त्यांना हवे होते. लग्नानंतरचे माझे नाव त्यांना काही सांगू शकत नव्हते, आणि मीही काही सांगितले नाही. मी लगेच होकार दिला. होकार देताना मनात काय होते असे विचारशील, तर सूड. मी त्यासाठी अधिक सभ्य शब्द शोधून पाहिला. सापडला नाही, आणि खरे तर फार शोधलाही नाही.

पहिल्याच फेरीत ताईंनी मला अवजारांची खोली दाखवली. भिंतीला नवा चुना, खाली फरशी, आणि काचेच्या कपाटात आपली अवजारे. खुरपी, कुदळी, फावडी. सगळ्यांचे दांडे आखूड कापलेले, आपल्या हातांच्या मापाने. खाली पाटी आहे: ‘चिमुकल्या हातांची चिमुकली अवजारे’. माझ्याबरोबर समितीच्या आणखी दोघीजणी होत्या, त्या काचेला नाक लावून म्हणाल्या, किती गोड आहेत नाही. गोडच आहेत. मी त्यांना एक निरीक्षण समजावून सांगितले. दांड्याचे लाकूड दोन ठिकाणी झिजून गुळगुळीत झाले आहे, एक वर आणि एक खाली, आणि त्या दोन जागांमधले अंतर जेवढे असेल तेवढ्या रुंदीचे खांदे त्या मुलाचे असतात. एकीने हौसेने आपले हात त्या अंतराने धरून पाहिले. मग तिने ते पटकन खाली घेतले आणि पर्सची चेन उगाच लावू लागली. मला कळले की समजावून सांगण्याची आपली कला अजून शाबूत आहे.

गाण्यांचे तर त्याहून विशेष. उद्घाटनाला शाळेतली मुले तोडणीची गाणी म्हणणार आहेत. गाणे शिकवणाऱ्या बाईंनी ती कुठूनशी मिळवून त्यांना पेटीची साथ लावली आहे. ‘एक पान बाजूला, एक फळ पाटीला’, दुपारभर सराव चालला होता. चालीत गोडवा आहे, मुलांचे आवाजही छान लागले होते. बाई मला म्हणाल्या की श्रमाला आनंदाची जोड कशी द्यावी हे त्या काळच्या लोकांकडून शिकावे. मी त्यांना विचारले, फळे तोडताना गायचे का, याचे काही कारण त्यांनी ऐकले आहे का. त्या म्हणाल्या, आनंद, दुसरे काय. टिटवे, एवढी शिकलेली बाई, पण तोंडाने गाणे आणि तोंडाने खाणे ही दोन कामे एकदम होत नाहीत, हे तिच्या ध्यानात आले नाही. गाणाऱ्या तोंडात फळ जात नाही. ज्याचा आवाज बंद पडला तो खातो आहे, हे ओळखायला काकांना झाडाखाली फिरावेही लागत नसे. ओट्यावर खुर्ची टाकून डोळे मिटून ऐकले की पुरे. हिशेबाने पाहिले तर फार बुद्धिमान पद्धत आहे. आणि म्हणूनच तुझे नाव टिटवी. सगळ्यांत वरच्या पट्टीत, सगळ्यांत लांबवर जाणारा आवाज तुझा होता. तू गप्प झालीस की सगळ्यात आधी कळायचे.

बाईंना मी हे तिथे सांगितले नाही. एकेका विद्यार्थ्याला बाजूला घेऊन सांगण्यासारख्या काही गोष्टी असतात आणि पूर्ण वर्गापुढे सांगण्यासारख्या काही. मी वर्ग भरण्याची वाट पाहते आहे.

त्यानंतर काका आले. नव्वदी उलटली आहे, पण पाठ अजून ताठ आहे. कानात यंत्र आहे, आणि ते यंत्र फार समजूतदार आहे. कौतुक तेवढे आत सोडते. ताई त्यांना हाताला धरून बागेत घेऊन आल्या, सर्वांनी उठून नमस्कार केला. मीही केला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, ओळखण्याचा प्रश्नच नव्हता, आणि वडीलधारी माणसे विचारतात तसे विचारले, “तुम्ही कुणाकडच्या?”

तुला कल्पना आहे, मी लहान असताना हा प्रश्न मला किती वेळा विचारला गेला असेल आणि उत्तर नसल्यामुळे मी किती वेळा चप्पल पाहत उभी राहिले असेन. त्या दिवशी उत्तर तयार होते. मी म्हणाले, इथलीच. काका खूश झाले. “वा. म्हणजे घरचंच माणूस,” ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात. मी मान झुकवून उभी राहिले. सूड घ्यायचा असेल तर आधी मान झुकवता यावी लागते. ज्यांना ते जमत नाही त्यांचे सगळे जागच्या जागी, आरडाओरडीत संपून जाते.

मग सगळे तुतीपाशी आले. विहिरीच्या पलीकडची, मोठी तुती. तिचा घेर आता दोघींच्या कवेत मावणार नाही. बुंध्याला, माझ्या खांद्यापेक्षा किंचित खाली, लोखंडी कडी आहे. निम्मी खोडाने गिळली आहे, निम्मी बाहेर. समितीतल्या कुणीतरी विचारले, ही कशासाठी. मला वाटले होते की ते विषय बदलतील, किंवा आठवत नाही म्हणतील. या वयात ते कुणालाही शोभून जाते. पण काका बोलू लागले. म्हणाले, गोठा दुरुस्तीला काढला होता तेव्हा वासराला इथे सावलीत बांधत असू. कुणीतरी म्हणाले, वासरासाठी फारच वर नाही का. त्यावर काका हसले. “अहो, झाड वाढलं तशी कडी वर गेली. तेव्हा ती इथे होती,” असे म्हणून त्यांनी काठीचे टोक आपल्या गुडघ्याखाली टेकवले. सगळ्यांनी माना डोलावल्या. काय सहज पटले त्यांना. आयुष्यभर बागा पिकवलेला माणूस सांगतो आहे म्हटल्यावर झाडाचे त्याला कळणार नाही तर कुणाला.

आता तू मला विचारशील, की तू तिथेच का नाही बोललीस. टिटवे, मी चांगली शिक्षिका होते. विद्यार्थी चुकीचे उत्तर देऊ लागला की कच्चा शिक्षक त्याला मध्येच तोडतो. मुरलेला शिक्षक म्हणतो, छान, पुढे सांग. मी म्हणाले, काका, हे फार मोलाचे आहे, थोडे सविस्तर सांगता का. कडी नेमकी किती खाली होती, वासरू कोणत्या रंगाचे, एक की अनेक. त्यांनी सगळे सांगितले. वासरू तांबडे होते, कपाळावर पांढरा ठिपका होता, मुलांचे फार लाडके होते. एकच होते. मी ताईंना सुचवले की हे काकांच्याच शब्दांत पाटीवर यावे, त्यांच्या छायाचित्रासह, आणि उद्घाटनाला त्यांनी झाडाखाली उभे राहून स्वतः सांगावे. ताईंना कल्पना फारच आवडली. पाटी छापून, पितळी खिळ्यांनी खांबावर बसवून झाली आहे. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी फक्त हात धरून पुढे केला.

पण एक गोष्ट राहिली होती. तुला आठवत असणार, कड्या दोन होत्या.

दुसरी कुठेच दिसेना. जिथे असायला हवी तिथे, पहिल्या कडीपासून वीतभर अंतरावर, सालीवर फक्त एक आवळलेली वळी होती, दात नसलेल्या म्हाताऱ्याने तोंड मिटावे तशी. झाडाने ती पूर्ण गिळली होती, आणि मी जे सालीखाली आहे म्हणते ते लोकांनी माझ्या शब्दावर मानावे असे मला नको होते. अवजारांच्या खोलीत दिवे बसवायला एक वीजवाला येतो. त्याच्याकडे भिंतीतल्या तारा आणि सळया शोधायचे हातात मावणारे यंत्र असते. भिंतीवरून फिरवले की धातूपाशी शिटी वाजते. मी त्याला म्हटले, जरा झाडाला लावून बघू. तो म्हणाला, “मावशी, झाडात वायरिंग कोण करतं?” मी म्हटले, तू लाव तर. बाहेरच्या कडीपाशी वाजले, ते वाजणारच. मग त्याने हात बाजूला नेला, यंत्र गप्प झाले, आणि त्या मिटलेल्या तोंडाशी येताच पुन्हा वाजले. वीजवाला हसायचा थांबला. त्याने बोट दोन्ही जागांवर ठेवले, मग स्वतःची दोन मनगटे जवळ आणून त्या अंतराशी ताडून पाहिली, आणि माझ्याकडे न बघता यंत्र पिशवीत टाकले. मी त्याला एक अक्षरही समजावले नव्हते. जाताना तो एवढेच म्हणाला, की उद्घाटनाला यंत्र हवे असेल तर तो स्वतः घेऊन येईल.

आता माझी मांडणी पूर्ण होती, आणि ती मला फार आवडली होती, हेही सांगून टाकते. काका पहिल्या रांगेत. त्यांच्या खुर्चीची जागा मी स्वतः ठरवून घेतली आहे, ध्वनिक्षेपकाच्या अगदी समोर, म्हणजे कानातल्या यंत्राला निवड करायला वाव नाही. आधी त्यांनी वासराची गोष्ट सांगायची. मग मी उठायचे आणि पाहुण्यांना हेच कोडे घालायचे, बागेतल्या नावांचे. लोकांना कोडी आवडतात. उत्तर मी देणार नाही, त्यांच्याकडूनच काढून घेईन. झाड वर जाते, पण ठोकलेली वस्तू जागची हलत नाही, हे त्यांच्याच तोंडून आले की विचारीन, मग ही कडी तेव्हा कुठे होती? जिथे आहे तिथेच. वासराला तिथे बांधायचे तर मागच्या पायांवर उभे करावे लागेल. मग वीजवाल्याला पुढे बोलावीन आणि यंत्र दुसऱ्या जागी वाजेल. आणि मग शांतपणे विचारीन, वासराला गळा एकच असतो, तर कड्या दोन कशाला? पुढचे मी बोलणार नाही. त्या उंचीवर, त्या अंतराने काय बांधता येते, हे ज्याचे त्याने आपल्याशी जुळवून पाहावे. मला काकांची माफी नको आहे. माफी मागून माणूस मोकळा होतो. मला ते मोकळे झालेले नको आहेत. त्यांनी त्या खुर्चीत बसून, सगळे गाव आपल्याकडे वळून पाहत असताना, ऐकायचे. आणि शेत वारसा म्हणून जाहीर झाले असल्यामुळे तुती आता त्यांच्या घरातल्या कुणालाही तोडता येणार नाही. ते त्यांनीच मागून घेतले आहे.

इतके सगळे जुळून आले, आणि तिथे ताईंनी मला गाठले. वीजवाल्याने यंत्र फिरवले तेव्हा त्या विहिरीच्या काठाशी उभ्या होत्या; मी पाहिलेच नव्हते. मला म्हणाल्या, चहा घेऊ या. बंगल्यात नेले. ज्या घराच्या पायरीला आपण कधी पाय लावला नाही, त्या घरात मी पहिल्यांदा बसले. त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. मग त्यांनी विचारले, तुम्ही त्यांच्यातल्या ना? मी हो म्हणाले. त्यांनी चष्मा काढून गळ्यात सोडला. “मी लहान होते हो,” त्या म्हणाल्या. “मी खिडकी लावून घ्यायचे.” या वेळी आधी ‘बरं का’ नव्हते. खिडकी लावून घेणाऱ्यांसाठी माझ्याकडे वेगळा धडा नाही, आणि दयाही फारशी नाही. वडिलांचा फोटो भिंतीवर होता, त्याच्याकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही, एवढे मात्र मी टिपले.

मग त्या म्हणाल्या, तुम्हाला आठवते तसेच सगळ्यांना आठवते असे नाही. तुमच्यातल्याच एकीने वेगळे सांगितले आहे, तेवढे ऐकून घ्या. त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला, आणि टिटवे, त्यातून तुझा आवाज आला.

तो अजूनही वरच्या पट्टीत लागतो. मी एका शब्दात ओळखला. “काका आम्हाला वडिलांसारखे होते. त्या तुतीला वासरू बांधलेलं असायचं, आम्ही त्याच्याशी खेळायचो.” मागे भांड्यांचा आवाज आहे, कुणीतरी ‘आई, बोर्डिंग स्कूलबद्दल पण सांगा ना’ असे म्हणते आहे, सूनबाई असावी. मला सगळे दिसले. तू घरच्यांना बोर्डिंग शाळेत वाढले म्हणून सांगितलेले आहेस, हे मला ठाऊकच आहे. मी तुझ्या मुलाच्या लग्नात त्या शाळेची मैत्रीण म्हणूनच मिरवले होते आणि जेवणाच्या पंक्तीत त्या शाळेच्या मैदानाचे वर्णनही करून आले होते. एका भल्या बाईचा गोड फोन आला, सून शेजारी बसलेली, ताईंनी वासराचे विचारले असेल, आणि तू हो म्हणालीस. दुसरे काय करणार होतीस. हे मला समजते, आणि तरीही त्या टेबलापाशी बसून मला तुझा जो राग आला, तसा काकांचाही कधी आला नव्हता. तो मी लपवणार नाही. ज्या माणसाविरुद्ध मी एकेक पुरावा मुंगीसारखा वाहून आणला, त्याच्या बाजूने साक्ष द्यायला तूच उभी राहावीस? बाकी कुणीही बोलले असते तर मी त्याला झाडापाशी नेऊन खोटे पाडले असते. तुला मी काय करू?

ताईंनी बंद करून मोबाईल उलटा ठेवला. म्हणाल्या, कार्यक्रमात हे आधी वाजेल, मग बाबा बोलतील, मग तुम्ही. तुम्हाला मी अडवणार नाही, अडवायला तोंड नाही माझं. पण तुमच्या बोलण्याने या बाई खोट्या ठरतील, सगळ्यांसमोर, त्यांच्या घरच्यांसमोरसुद्धा. आमंत्रण त्यांना सगळ्यांना गेले आहे. मी म्हणाले, मग वाजवू नका. त्या म्हणाल्या, “त्यांनी स्वतः नको म्हटलं तर नाही वाजवणार. तुमच्या सांगण्यावरून नाही, आणि बाबांच्या सांगण्यावरूनही नाही.” त्या क्षणी मला ती बाई पहिल्यांदा थोडी आवडली, आणि त्याचाही मला राग आला.

म्हणून हे पत्र. झाडे, कड्या, यंत्र, हे सगळे तुला इतके सविस्तर सांगितले ते मी काय करणार आहे हे तुला आधी कळावे म्हणून, आणि फोनवर तू नेहमीसारखी ‘जाऊ दे गं’ म्हणून विषय तुझ्या गुडघ्यांवर नेशील म्हणून. तांबडे वासरू नव्हते, टिटवे. तिथे बांधलेले कोण असायचे आणि बाकीच्यांनी त्याच्यासमोर गात राहायचे असे का होते, ते तुला सांगायची गरज नाही. आणि तुझ्या परवानगीवाचून ते मी उद्घाटनातही सांगणार नाही, अजून कुणालाही सांगितलेले नाही. माझा सूड मला फार प्रिय आहे, पण तो तुझ्या मनगटांवरून चालत जाणार असेल तर आधी तुला विचारायला हवे. मला खरेच ठाऊक नाही, की तू ते वाक्य सुनेसाठी बोललीस, की इतक्या वर्षांत ते तुला खरे वाटू लागले आहे. हे मी इथून ठरवू शकत नाही. तू ठरवू शकतेस, आणि त्याला एक सोपी चाचणी आहे. घरात कुणी नसेल तेव्हा एखाद्या बंद दाराला पाठ लावून उभी राहा. दोन्ही हात वर ने, मनगटे जवळ घे आणि दारावर टेकव, टाचा किंचित उचलाव्या लागतील इतक्या वर. आता तेच वाक्य मोठ्याने म्हण, ‘काका आम्हाला वडिलांसारखे होते.’ हात वर असताना ते तुझ्या तोंडून पुरे झाले, तर रेकॉर्डिंग वाजू दे. मी पाहुण्यांना तुतीचे वय सांगेन आणि खाली बसेन. हात आपोआप खाली आले, तर ते खाली आल्यावर पहिला फोन मला करू नकोस, ताईंना कर.

तुझीच, कधीही ‘जाऊ दे’ न म्हणणारी,
पंतोजी